पेशंटला कळेल असं कसं बोलायचं? डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि आशाताईंचे नेहमीचे प्रश्न

दवाखान्यात, वॉर्डात, मेडिकलच्या काउंटरवर आणि गावात घरोघरी जाऊन पेशंटशी बोलणाऱ्यांसाठी हे पान आहे. प्रशिक्षणात, चहाच्या सुट्टीत आणि वैतागलेल्या संध्याकाळी जे प्रश्न विचारले जातात, तेच इथे घेतले आहेत. काहींना सविस्तर उत्तर आहे, काहींना दोन ओळी पुरतात.

आरोग्य साक्षरता कमी असलेला पेशंट म्हणजे अडाणी पेशंटच ना?

नाही. आरोग्य साक्षरता म्हणजे आजार-औषधांची माहिती समजून ती वापरता येणं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ती ६४ टक्क्यांच्या आसपास. पण जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षं किंवा त्याहून मोठी, कुठल्याही एका भाषेत लिहिता-वाचता येणारी आणि ते समजणारी व्यक्ती. तिला औषधाच्या पट्टीवरचं इंग्रजी, लॅबचा रिपोर्ट किंवा डिस्चार्ज कार्ड कळेल, असा त्याचा अर्थ होत नाही. पदवीधर बँक अधिकारीसुद्धा ‘बायोप्सी’ हा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं काहीही ऐकत नाही. भीती, वेदना, झोप न झालेली रात्र आणि खर्चाची चिंता यांपुढे शिक्षण फारसं टिकत नाही.

याची दुसरी बाजू अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला दिसते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं आणि पुढे गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तरी गरोदरपण, बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षयरोग यांबाबत त्या गावाला नीट सल्ला देत होत्या. वाचता न येणं आणि समजण्याची कुवत नसणं यांची आपण फार सहज गल्लत करतो. समोरच्याला कळलं नाही तर आधी आपण काय आणि कसं बोललो ते तपासायचं, हा या पानाचा पक्षपात आहे आणि तो जाणूनबुजून आहे.

पेशंटला वाचता येत नाही हे ओळखायचं कसं? सरळ विचारलं तर?

“वाचता येतं का हो तुम्हाला?” असं चारचौघांत विचारलं तर बहुतेक जण “येतं की” म्हणतील. ही लाज फार खोल असते. १९९६ मध्ये अटलांटातल्या एका सार्वजनिक रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचनाची अडचण आहे हे संशोधकांपाशी मान्य करणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश पेशंटांनी ती गोष्ट आपल्या जोडीदारालाही कधी सांगितली नव्हती. नवऱ्याला किंवा बायकोला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला का सांगतील?

खुणा मात्र दिसतात. “चष्मा घरीच राहिला.” “पोरगा आला की दाखवते कागद.” केसपेपर उलटा धरलेला असतो. फॉर्म अर्धवट भरलेला असतो. गोळ्यांबद्दल विचारलं तर नाव येत नाही, “ती पिवळी लांबट” असं उत्तर येतं, किंवा पिशवीतून पट्टी काढून, फोडून, गोळी बघूनच ओळख पटते. फॉलोअपला न येणं, तपासणी न करून येणं, हेही कधी कधी त्यातलंच असतं. विचारायचंच असेल तर एकांतात, असं विचारा: “दवाखान्याचे कागद बऱ्याच जणांना किचकट वाटतात. घरी कोण वाचून दाखवतं?” यात कबुली द्यावी लागत नाही.

पण माझं मत विचाराल तर ही शोधाशोध फार करू नये. हातमोजे आपण रक्तात विषाणू आहे की नाही हे पाहून घालत नाही, सगळ्यांसाठी घालतो. सोपं बोलणंही सगळ्यांशीच करावं. अमेरिकेत २०१० पासून याच विचारावर आधारलेली सरकारी साधनपुस्तिका दवाखान्यांना दिली जाते.

इतकं सोपं बोललं तर शिकलेल्या पेशंटला अपमान नाही का वाटणार?

सोपं बोलण्याने वाटत नाही. लहान मुलाशी बोलल्यासारखा सूर लावला तर वाटतो. “बीपीमुळे मेंदूची रक्तवाहिनी फुटू शकते, म्हणून रोज गोळी” हे वाक्य प्राध्यापकालाही चालतं आणि हमालालाही.

“समजलं का?” असं मी प्रत्येकाला विचारतोच. ते “हो” म्हणतात. मग चुकतं कुठे?

तो “हो” म्हणजे बऱ्याचदा “आता जाऊ द्या” असतो. डॉक्टर मोठे, मागे रांग, बाहेर एसटीची वेळ. नाही कसं म्हणणार? शिवाय काय समजलं नाही हे कळायलाही थोडं समजलेलं असावं लागतं.

स्मरणाचंही तसंच. संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो, आणि जे लक्षात राहतं त्यातलंही निम्म्याच्या आसपास चुकीचं असतं. जितकं जास्त सांगाल तितका विसरण्याचा वाटा वाढतो.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे: पेशंटलाच उलट सांगायला लावायचं. फक्त विचारण्याची पद्धत महत्त्वाची. “सांगा बघू, मी काय म्हणालो?” असं विचारलंत तर ती तोंडी परीक्षा होते. जबाबदारी स्वतःकडे घ्या:

“आजी, आज मी बरंच बोललो. मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी सूनबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?”

“काका, ह्या पुडीतल्या गोळ्या उद्या सकाळी कशा घ्याल? काढून दाखवा.”

दुसरं वाक्य मला जास्त आवडतं, कारण तोंडाने बरोबर सांगणारा माणूस हाताने चुकतो. अमेरिकेत ३९५ पेशंटांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. “दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्या” ही सूचना वाचनक्षमता कमी असलेल्या ७१ टक्के पेशंटांनी बरोबर सांगितली. पण मग दिवसाच्या किती गोळ्या होतात ते मोजून दाखवा म्हटल्यावर फक्त ३५ टक्क्यांना जमलं. “समजलं का?”ला या सगळ्यांनी “हो”च म्हटलं असतं, आणि मनापासून.

पेशंट चुकला तर तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका. बहिरेपण नसेल तर आवाजाचा उपयोग नाही. वाक्य बदला, वस्तू हातात द्या, पुन्हा विचारा. दोनदा सांगूनही जमत नसेल तर अडचण बहुधा औषधयोजनेत आहे. पाच वेळांच्या सात गोळ्या कुणालाच जमत नाहीत. तीन वेळांचं औषध दोन वेळांवर आणता येतं का ते बघा.

ओपीडीत शंभर पेशंट असतात. हे सगळं करायला वेळ कुठून आणू?

प्रश्न खरा आहे. जगभरातल्या ६७ देशांत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात याचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यात स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं होती तर बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्या सरकारी ओपीडीची गत यांपैकी कुणाच्या जवळची आहे ते सांगायला नको. रांग छोटी करणं हे डॉक्टरच्या बोलण्याने होणार नाही. त्याला माणसं भरावी लागतात, आणि ती न भरता “संवाद सुधारा” अशी परिपत्रकं काढणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही.

तरीही, उलट विचारण्याने वेळ वाढतोच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेहाच्या पेशंटांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी पेशंटला कळलं का याची खातरजमा फक्त १५ गोष्टींबाबत केली होती. ज्या भेटींत ती केली त्या जास्त लांबल्या नव्हत्या, आणि त्या पेशंटांची साखर जास्त आटोक्यात होती.

पेशंटला बोलू दिलं तर तो थांबतच नाही, हीही भीती तपासून झाली आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे ३३५ पेशंटांना मध्ये न तोडता बोलू दिलं. सरासरी ९२ सेकंदांत त्यांचं सांगून झालं. दोन मिनिटांच्या आत ७८ टक्के थांबले. आपल्याकडे एखादे आजोबा विहीर खणली त्या सालापासून सुरुवात करतात हे मान्य. पण तेही पहिल्या अर्ध्या मिनिटात “रात्री धाप लागते” म्हणालेले असतात आणि आपण तेव्हा लिहीत असतो.

प्रत्यक्षात असं करा. एका भेटीत तीनच गोष्टी सांगा. त्यांतली सर्वांत धोक्याची एकच उलट विचारा. बाकीची विभागणी करा: गोळ्या मोजून दाखवायचं काम फार्मासिस्टकडे, इंजेक्शन नर्सकडे, पथ्य समुपदेशकाकडे, घरी जाऊन बघणं आशाताईकडे. फक्त सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायला हवी. डॉक्टर “जेवणाआधी” आणि मेडिकलवाला “जेवणानंतर” म्हणाला, तर पेशंट शेजारणीचं ऐकतो.

चिठ्ठीवर १-०-१ लिहितो. आता ते सगळ्यांना कळतं ना?

बऱ्याच जणांना कळतं, कारण मेडिकलमध्ये कुणीतरी समजावतं. पण ज्यांना कळत नाही ते सांगत नाहीत. ‘ओडी’ (दिवसातून एकदा), ‘बीडी’ (दोनदा), ‘एचएस’ (झोपताना), ‘एसओएस’ (गरज पडली तर) तर कुणालाच कळत नाही. चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत, औषधाच्या जेनेरिक नावासह लिहावी असा डॉक्टरांसाठीचा नियम २०१६ पासून आहे. पण तो फार्मासिस्टच्या सोयीचा. पेशंटसाठी मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा: “सकाळी न्याहारीनंतर १ गोळी. रात्री जेवणानंतर १ गोळी.”

कंपाउंडर पूर्वी पुडीवर रेघा मारायचे, अजूनही कित्येक मेडिकलवाले पाकिटावर सूर्य-चंद्र काढतात किंवा पट्टीला कात्रीने खूण करतात. ही पद्धत चांगली आहे. घड्याळाच्या वेळेपेक्षा दिवसाच्या कामांना गोळी बांधलेली बरी: चूळ भरल्यावर, न्याहारीला, गुरं बांधून झाल्यावर, अंथरूण घालताना. फक्त त्या माणसाचा दिवस विचारून घ्या. रात्रपाळीच्या वॉचमनला “सकाळी” म्हणजे झोपायची वेळ, आणि ऊसतोड कामगार पहाटेच फडात असतो.

तारखांची भानगड वेगळी. कुत्रा चावलेल्याला रेबीजच्या लशीचे दिवस “०, ३, ७, २८” असं सांगितलं की शून्यावा दिवस (म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा) कुठला, इथेच गाडी अडते. चार तारखा आणि चार वार लिहून द्या. जवळच्या बाजाराच्या वारावरून सांगितलं तर आणखी पक्कं बसतं. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हे मात्र त्याआधी.

आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधावर जास्त वेळ घालवा. संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. त्यासोबत फॉलिक ॲसिड असतं, दोन्ही गोळ्या बहुधा लहान आणि पिवळ्या. वार ठरवा, तो कागदावर मोठा लिहा, घरातल्या आणखी एकाला सांगा आणि महिन्यापेक्षा जास्त गोळ्या एकदम देऊ नका.

कोणते शब्द टाळावेत?

इंग्रजी शब्दांचा धोका आपल्याला माहीत असतो. मराठी शब्दांचा लक्षात येत नाही. ‘शुगर’, ‘बीपी’, ‘सोनोग्राफी’, ‘सलाईन’ हे शब्द आता गावातही रुळले आहेत, तिथे ‘रक्तशर्करा’ आणि ‘क्ष-किरण’ आणून उगाच घोळ करू नये. खरी अडचण आपल्याला सोप्या वाटणाऱ्या शब्दांची.

“उपाशीपोटी या” म्हटलं की निम्मे लोक चहा पिऊन येतात, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. कुणी उपवास समजून साबुदाण्याची खिचडी खाऊन येतो. म्हणून सांगायचं: “रात्री जेवल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत काही खायचं नाही. चहा-दूध-बिस्किटसुद्धा नाही. साधं पाणी चालेल.” १९९५ मध्ये अमेरिकेतल्या दोन सार्वजनिक रुग्णालयांतल्या २,६५९ पेशंटांची चाचणी प्रसिद्ध झाली. रिकाम्या पोटी औषध घेण्याची लेखी सूचना ४२ टक्के जणांना कळली नव्हती. म्हणजे हा नुसता आपल्याकडचा घोळ नाही.

“गोड बंद करा” म्हटल्यावर साखर बंद होते आणि गूळ सुरू होतो, कारण गूळ ‘नैसर्गिक’. “मीठ कमी” म्हटल्यावर भाजीतलं कमी होतं, पण ताटात लोणचं, पापड, ठेचा आणि सुकट तशीच. किंवा सैंधव येतं. नावं घेऊन सांगा. “हलका आहार”, “भरपूर पाणी”, “थोडे दिवस”, “गरज पडली तर” यांतून काहीच कळत नाही. ताप १०० च्या वर गेला तर एक गोळी, पुढची सहा तासांनंतरच, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. हे कळतं.

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आला” हे ऐकून आनंदाने पेढे आणायची वेळ आलेली उदाहरणं प्रत्येक लॅबवाल्याकडे आहेत. “आजार सापडला” किंवा “आजार नाही” असंच म्हणा.

पेशंटचेही शब्द शिकायला हवेत. ‘चक्कर’ म्हणजे गरगरणं, की डोळ्यांपुढे अंधारी, की नुसता अशक्तपणा? ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल? ‘गॅस’ म्हणजे छातीत दुखणंसुद्धा असू शकतं, आणि तिथे गृहीत धरणं महाग पडतं.

बीपीची, शुगरची गोळी लोक मध्येच का सोडतात? कितीही सांगा!

कारण त्यांच्या अनुभवात गोळी म्हणजे कोर्स. ताप, खोकला, जखम: पट्टी संपली, आजार संपला. शिवाय आपणच सांगतो, “बीपी नॉर्मल आलं, छान!” मग गोळी कशाला? त्या क्षणी पुढचं वाक्य जोडा: “नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. गोळी बंद केली की परत वाढेल, आणि वाढलेलं तुम्हाला जाणवणार नाही.” पट्टी संपायच्या चार दिवस आधी नवीन आणायची, हेही सांगा. पैशांचं विचारायला लाजू नका. एक दिवसाआड गोळी घेणारे बरेच जण महिन्याच्या खर्चात बसवत असतात. त्यांना समज कमी नसते, पैसा कमी असतो.

दुसरं कारण घाबरणं. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने लघवी लाल-केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त जातंय असं समजून दुसऱ्याच दिवशी औषध फेकतो. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, गरोदर बाई गोळ्या ट्रंकेत ठेवून देते आणि आशाताईला “संपल्या” म्हणून सांगते. एका वाक्याची किंमत. “लघवी लाल होईल, औषध लागू पडतंय, घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी या.” कशाला घाबरायचं नाही आणि कशाला घाबरायचं, दोन्ही एकत्र.

इन्सुलिन, इनहेलर, ओआरएस: हे नीट शिकवायचं कसं?

बोलून नाही. करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या.

रोटाहेलरची (दम्याचं औषध श्वासाबरोबर ओढायच्या साधनाची) कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट भेटतात. त्यात नवल नाही, कॅप्सूल गिळायचीच असते हे आपणच आयुष्यभर शिकवलं आहे. ‘पंपाची’, म्हणजे इनहेलरची, ‘सवय लागते’ ही समजूतही तिथेच काढा. श्वासाबरोबर औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते.

इन्सुलिनमध्ये आपल्याकडे मोठा धोका सिरिंजचा. दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज आणि १०० युनिट असलेल्या औषधासाठी केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, तर २० च्या जागी ५०. हे गणित पेशंटला सांगत बसू नका. बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून “ह्या बाटलीला हेच लाल टोपण” एवढं पक्कं करा आणि पुढच्या भेटीला दोन्ही घेऊन बोलवा. घरी फ्रिज आहे का तेही विचारा. नसेल तर माठाच्या गारव्याची सोय करता येते.

जुलाबात पाजायच्या ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पण घरी पेलाभर पाण्यात निम्मं पाकीट जातं, कारण “एवढं पाणी बाळ कुठे पिणार”. घट्ट झालेलं पाणी बाळाला अपाय करतं. घरातलंच भांडं मागवा, लिटरची बाटली ओतून पातळी दाखवा. उरलेलं चोवीस तासांनी टाकायचं. सोबत जस्ताची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांत औषधाची तीव्रता वेगवेगळी असते. थेंब सिरपपेक्षा तीव्र, म्हणून थेंबाची बाटली आणून सिरपच्या मापाने पाजलं की मात्रा फार जास्त होते. स्वयंपाकघरातला चमचा नको. बाटलीवरच्या मापाच्या टोपणाला पेनाने रेघ मारून द्या.

चित्रं वापरली की काम होतं ना?

शब्दांसोबत वापरली तर चांगलं होतं. नुसतं चित्र लावून दिलं तर प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो. चंद्राचं चित्र बघून अमावस्या-पौर्णिमेचं औषध समजणाराही भेटू शकतो. चित्र छापण्याआधी चार-पाच पेशंटांना दाखवून “यात काय दिसतं?” असं विचारा.

चित्राहून वस्तू भारी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे अडचण होती की बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात आणि गावातल्या सुईणींना ५०-६० पर्यंत आकडे येत नाहीत. त्यांनी श्वासमापक तयार केला: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. सुईणींना गणित शिकवायच्या फंदात न पडता साधनच त्यांच्या हाताला जमेल असं केलं. या विषयावरची शंभर पानांची मार्गदर्शिका वाचण्याऐवजी मी हे एक उदाहरण वाचायला सांगेन. कुष्ठरोगाच्या औषधांचं २८ दिवसांचं पाकीट, मुलांचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी ही त्याच जातीची साधनं.

धोक्याचे आकडे कसे सांगू?

टक्क्यांत नको. “शंभर जणांचं हे ऑपरेशन केलं तर पाच जणांना ताप-पू होतो, पंच्याण्णव जणांना होत नाही.” दोन उपायांची तुलना करताना दोन्हीकडे शंभरच धरा, एकीकडे वीस आणि दुसरीकडे हजार नको.

पेशंटला ‘तू’ म्हटलं तर बिघडलं कुठे? आमच्याकडे सगळेच म्हणतात.

तुमच्या वयाच्या मित्राला म्हणा. साठीच्या मजूर बाईला “ए, तुला कळत नाही का?” आणि तिच्याच वयाच्या शिक्षिकेला “मॅडम, बसा ना” हे वॉर्डातल्या प्रत्येकाच्या नजरेत भरतं. ज्या बाईला ‘तू’ ऐकावं लागलं ती प्रश्न विचारत नाही. आजी, मावशी, काका, दादा, ताई काहीही म्हणा, पण पुढे ‘तुम्ही’ येऊ द्या. खेड्यात पेशंट तुम्हाला प्रेमाने ‘तू’ म्हणेल, तो त्याच्या बोलीचा भाग आहे, त्याची परतफेड करायची नसते.

रागावण्याचंही तेच. “गोळ्या का नाही घेतल्या?” याला उत्तर खोटंच येणार. “गेल्या आठवड्यात किती वेळा गोळी राहून गेली? सगळ्यांचीच राहते” असं विचारलं की खरा आकडा कळतो.

मराठी न येणारे पेशंट?

मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली, भामरागडला माडिया, मुंबईत अर्धा देश. दुभाषा म्हणून आशाताई, परिचारिका किंवा तिथला कर्मचारी बरा. आठ वर्षांच्या मुलीकडून आईच्या पाळीबद्दल विचारून घेऊ नका. बोलताना पेशंटकडे बघा, दुभाष्याकडे नाही. छोटं वाक्य, थांबा, पुढचं वाक्य. पेशंट मिनिटभर बोलला आणि दुभाषा “दुखतंय म्हणतो” एवढंच म्हणाला, तर मध्ये काहीतरी गळलं आहे.

नातेवाईक म्हणतात, “त्यांना कॅन्सर आहे असं सांगू नका.” मग?

यावर एका ओळीचं उत्तर नाही. कुटुंब प्रेमापोटीच सांगत असतं. पण किमोला नेलेल्या माणसाला बहुधा कळलेलंच असतं, आणि घरचे लपवतात म्हणून तोही लपवतो. नातेवाइकांना आधी ऐकून घ्या, कशाची भीती वाटते ते विचारा. मग सगळ्यांसमोर पेशंटलाच विचारा: “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? की घरच्यांशी बोलू?” काही जण खरंच म्हणतात, “मुलाला सांगा.” तो त्यांचा अधिकार. मात्र त्यांनी थेट विचारलं तर खोटं बोलू नये.

संमतीपत्रावर अंगठा घेतला की कायद्याचं काम झालं ना?

नाही. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय, आईची परवानगी घेऊन, काढलं होतं. पेशंट स्वतः शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकत होती आणि तातडी नव्हती, म्हणून ती संमती धरली गेली नाही. उपचार काय, कशासाठी, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय, हे पेशंटला कळेल असं सांगणं संमतीत येतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे.

इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेण्यापूर्वी तो मराठीत वाचून दाखवा, पेशंटच्या बाजूचा साक्षीदार ठेवा, आणि “उद्या काय करणार आहोत, तुमच्या शब्दांत सांगा” असं विचारून ते उत्तर केसपेपरवर लिहा. ऑपरेशन टेबलावर चढवताना सही मागणं तर बंदच करा.

देवऋषी, झाडपाला, व्हॉट्सॲपवरचे उपाय यांचं काय करायचं?

आधी माहीत करून घ्या. हसलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत, आणि कावीळ झालेला माणूस कुठला पाला घेतोय हे तुम्हाला कळायलाच हवं. अंगारा लावल्याने अपाय नाही, लावू द्या. गोळ्या बंद करून काढा घेतायत, तिथे ठाम राहा.

फोन करून विचारणाऱ्या पेशंटला कसं सांगावं?

हातात औषध घेऊन बोलायला सांगा. नाव वाचता येत नसेल तर पट्टीचा फोटो मागवा. नंतर एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवा, अर्ध्या मिनिटाचा: कोणती गोळी, कधी, काय झालं तर लगेच यायचं. कागद हरवतो, आवाज फोनमध्ये राहतो आणि रात्री मुलगा घरी आल्यावर त्यालाही ऐकवता येतो. मेसेजमध्ये आजाराचं नाव मात्र घेऊ नका, फोन बऱ्याचदा घरात एकच असतो.